गॅमा किरण आणि न्यूट्रिनो: एकाच आजोबांची चुलत नातवंडं

माझी भाची अकरावी सायन्सला आहे. मागच्या महिन्यात दादरहून डोंबिवलीला जाताना, मुलुंड गेल्यावर गर्दी जरा सैल झाली तेव्हा तिने विचारलं, "मामा, गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणी आहेत ना आपल्याकडे? मग त्याच गोष्टी शोधायला न्यूट्रिनोच्या मागे कशाला लागायचं? तो तर कशालाच धडकत नाही म्हणतात." डोंबिवली येईपर्यंत माझं जेमतेम अर्धं उत्तर झालं. प्रश्न मात्र नेमका होता, म्हणून पूर्ण उत्तर लिहून काढतोय.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशाचाच अतिबलवान प्रकार; न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, जवळजवळ वस्तुमानहीन कण. पण या गोष्टीतला मूळ पुरुष ना गॅमा किरण, ना न्यूट्रिनो. तो आहे विश्वकिरण. १९१२ साली व्हिक्टर हेस नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने बलूनमधून पाच किलोमीटरांहून वर जाऊन मोजमाप केलं आणि दाखवून दिलं, की अवकाशातून पृथ्वीवर सतत कसला तरी मारा होतोय. नाव किरण पडलं, पण हे खरे कण आहेत, आणि त्यातले बहुतेक प्रोटॉन. काहींची ऊर्जा तर थक्क करणारी असते. माणसाने बांधलेल्या सर्वांत मोठ्या कणवेगकात, जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, प्रोटॉनला जेवढी ऊर्जा देता येते, तिच्या कोटीपट ऊर्जेचे कण निसर्ग कुठूनतरी पाठवतो.

हे 'कुठूनतरी' शंभर वर्षं उलटून गेली तरी पुरतं उलगडलेलं नाही. अडचण अशी, की प्रोटॉनवर विद्युतभार असतो आणि अवकाशात सगळीकडे चुंबकीय क्षेत्रं पसरलेली आहेत. भारित कण त्यांत वळत जातो. संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावरून खाली उतरलेला माणूस आठवा. तो तुमच्यासमोर येतो तेव्हा कोणत्या दिशेने येतोय यावरून तो कुठल्या फलाटावरून निघाला हे सांगता येत नाही, कारण मधल्या गर्दीने त्याला दहा वेळा वळवलेलं असतं. विश्वकिरणांचंही तसंच. ते पोचतात, पण घरचा पत्ता हरवून.

म्हणून सरळ रेषेत येणारा निरोप्या हवा. त्यावर विद्युतभार नको. असे दोन निरोपे आहेत, गॅमा किरण आणि न्यूट्रिनो. आणि महत्त्वाचं म्हणजे दोघे एकाच घरातून निघू शकतात.

हे घर समजून घेऊ, कारण सगळी गंमत इथे आहे. प्रचंड वेगाचा प्रोटॉन वाटेत दुसऱ्या प्रोटॉनवर किंवा प्रकाशाच्या कणावर आदळला, की त्या टकरीतून पायॉन नावाचे अल्पजीवी कण बाहेर पडतात. पायॉन तीन प्रकारचे: धन, ऋण आणि भाररहित. भाररहित पायॉन जवळजवळ जन्मतःच फुटतो, आणि त्यातून दोन गॅमा किरण निघतात. भारित पायॉन थोडा जास्त जगतो, म्हणजे सेकंदाच्या कोट्यंश भागाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतका. तो फुटला की म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) आणि न्यूट्रिनो मिळतात. पुढे म्युऑनही फुटतो आणि आणखी दोन न्यूट्रिनो देतो.

म्हणजे नातं असं झालं: प्रोटॉन हे आजोबा, पायॉन ही त्यांची मुलं. भाररहित मुलाची अपत्यं गॅमा किरण, भारित मुलांची अपत्यं न्यूट्रिनो. गॅमा आणि न्यूट्रिनो ही सख्खी नव्हेत, चुलत भावंडं. आजोबांच्या ऊर्जेतला साधारण दहावा हिस्सा गॅमा किरणाला मिळतो आणि साधारण विसावा न्यूट्रिनोला. त्यामुळे नातवंडाची ऊर्जा मोजली, की आजोबा किती बलवान होते याचा अंदाज लागतो.

आता भाचीचा प्रश्न. चुलत भावंडं एकत्रच निघत असतील, तर पकडायला सोपा असलेला गॅमा किरण पुरे की. दुसऱ्याच्या मागे का लागायचं?

पहिलं कारण असं, की गॅमा किरण दुसऱ्या घरातूनही येऊ शकतो. त्याला प्रोटॉनच लागतो असं नाही. वेगवान इलेक्ट्रॉन साध्या प्रकाशकणाला टक्कर देऊन त्याची ऊर्जा वाढवतो आणि त्याचा गॅमा किरण करून टाकतो. आपल्यापर्यंत आलेला किरण पायॉनचा की इलेक्ट्रॉनचा, हे एकट्या किरणाकडे बघून सांगता येत नाही. वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ हे याचं प्रसिद्ध उदाहरण. इ. स. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदलेल्या अतिनवताऱ्याचे, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याचे, हे अवशेष. १९८९ साली अतिउच्च ऊर्जेच्या गॅमा किरणांचा पहिला पक्का स्रोत म्हणून तोच सापडला, आणि तिथल्या गॅमा किरणांपैकी बहुतेक इलेक्ट्रॉनांची करणी आहे असं मानलं जातं. २०१३ साली गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांतून दोन जुन्या अतिनवताऱ्यांच्या अवशेषांत, आयसी ४४३ आणि डब्ल्यू ४४ मध्ये, पायॉनची खूण म्हणता येईल असा ऊर्जेचा आकार दिसला. ते फार मोठं यश होतं, पण अशी सुस्पष्ट खूण क्वचितच मिळते. न्यूट्रिनोच्या बाबतीत हा गोंधळ नाही. इतक्या ऊर्जेचा न्यूट्रिनो आला, म्हणजे तिथे प्रोटॉनसारखे जड कण वेग घेत होते हे नक्की. इलेक्ट्रॉनच्या घरात न्यूट्रिनो जन्मत नाही.

दुसरं कारण प्रवासातलं. गॅमा किरण वळत नसला तरी अडतो. तारे आणि दीर्घिकांनी आजवर सोडलेला मंद प्रकाश सगळ्या विश्वात पसरलेला आहे. टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणाहून सुमारे चाळीस हजार कोटी पटींनी बलवान, गॅमा किरण त्या प्रकाशाच्या कणावर आदळला तर दोघे नाहीसे होतात आणि इलेक्ट्रॉन व त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन यांची जोडी उरते. त्याहून हजारपट बलवान किरणांना तर महास्फोटापासून उरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारणच आडवं येतं. त्यामुळे असे किरण आपल्या आकाशगंगेबाहेरून आपल्यापर्यंत जवळपास पोचतच नाहीत. आणि जिथे जन्मले तिथेच प्रकाशाची दाटी असेल, तर घराबाहेरसुद्धा पडता येत नाही.

न्यूट्रिनोला यातलं काहीच अडवत नाही. सूर्यातून निघालेले सुमारे ६५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या बोटाच्या नखाएवढ्या जागेतून आरपार जातात. आत्ता वाचतानाही, आणि रात्री झोपेत पृथ्वीच्या पोटातून वर येऊनही. पण हाच गुण पकडणाऱ्याच्या मुळावर येतो.

मग पकडतात कसं? हा भाचीच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि याचं उत्तर मुंबईकराला सांगताना मला वेगळाच आनंद होतो.

न्यूट्रिनो फार क्वचित, पण धडकतो. धडकला की एखादा भारित कण, बऱ्याचदा म्युऑन, सुसाट पुढे निघतो. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच पाण्यातल्या लाटांपेक्षा वेगाने गेली, की मागे टोकदार लाट उघडत जाते. पाण्यात किंवा बर्फात प्रकाशाचा वेग निर्वातातल्या वेगाच्या साधारण तीन चतुर्थांश होतो. भारित कण त्याला मागे टाकू शकतो, आणि मग त्याच्यामागेही अशीच लाट उघडते, पण ती निळ्या प्रकाशाची. हा चेरेनकोव्ह प्रकाश. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्यात सुरू झालेल्या 'अप्सरा' या भारतातल्या पहिल्या अणुभट्टीच्या पाण्यात हीच निळाई दिसायची. नाव पंडित नेहरूंनी ठेवलं, ते ती निळी प्रभा पाहूनच, असं सांगतात. जी निळाई मानखुर्दच्या पलीकडे, खाडीकाठी पाण्याच्या टाकीत चमकत होती, तीच टिपायला आज जगभर दुर्बिणी उभ्या आहेत.

गॅमा किरणांच्याही. उच्च ऊर्जेचा गॅमा किरण वातावरणात शिरला की त्याची इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी होते, ती पुन्हा गॅमा किरण सोडते, ते पुन्हा जोड्या करतात, आणि बघता बघता कणांचा पाऊस पडतो. हा पाऊस कसा वाढतो आणि कसा ओसरतो याचं गणित १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर मांडणारे होमी भाभा मुंबईतच जन्मलेले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले. या पावसातले कण हवेतही निळा प्रकाश सोडतात. तो काही नॅनोसेकंदच टिकतो. मोठा आरसा आणि अतिजलद कॅमेरा असेल तर जमिनीवरून त्याचं चित्र घेता येतं, आणि चित्राच्या कलावरून मूळ किरणाची दिशा कळते. गॅमा किरण स्वतः जमिनीपर्यंत पोचतच नाही. आपण बघतो ती त्याच्या पावसाची निळी झलक.

म्हणजे दोन्ही चुलत भावंडांना शेवटी एकाच रंगाने ओळखलं जातं. फरक एवढाच, की एकाचा प्रकाश हवेत मिळतो आणि दुसऱ्यासाठी अफाट पारदर्शक पदार्थ लागतो. दक्षिण ध्रुवावरच्या 'आइसक्यूब'ने त्यासाठी एक घन किलोमीटर बर्फ वापरला आहे. बर्फात ८६ भोकं पाडून १४५० ते २४५० मीटर खोलीवर ५१६० प्रकाशसंवेदक लटकवले. २०१० च्या डिसेंबरात काम पूर्ण झालं. तिथेही नको असलेल्या कणांचा गोंगाट फार. वरच्या वातावरणात विश्वकिरणांमुळे तयार झालेले म्युऑन दर सेकंदाला सुमारे ३००० या वेगाने त्या बर्फातून जातात. म्हणून खालून, पृथ्वी ओलांडून येणाऱ्या कणांना महत्त्व. म्युऑन पृथ्वी ओलांडू शकत नाही, न्यूट्रिनो ओलांडतो.

डोक्यावर जमिनीचा थर घेऊन न्यूट्रिनो पकडायची ही युक्ती आपल्याकडेही वापरली गेली होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली माणसं कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरांहून खोल उतरली. आधी ती वेगवेगळ्या खोलीवर म्युऑन मोजत होती. पार खाली गेल्यावर म्युऑन जवळपास संपलेच, आणि लक्षात आलं, की इथे जर काही दिसलं तर ते न्यूट्रिनोचंच असेल. जपानमधल्या ओसाका आणि इंग्लंडमधल्या डरहॅम इथल्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन, १९६५ साली वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो पहिल्यांदा टिपले गेले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत दुसऱ्या गटालाही ते मिळाले. त्या न्यूट्रिनोंचा जन्म कसा झाला होता? विश्वकिरण वातावरणावर आदळला, पायॉन झाले, पायॉन फुटले. दूरच्या कृष्णविवराशेजारी जे घडतं तेच, आपल्या डोक्यावर वीस-पंचवीस किलोमीटरांवर. ही कहाणी शाळेच्या पुस्तकात का नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

आता दोन्ही भावंडं एकत्र भेटली त्या रात्रीकडे येतो. २२ सप्टेंबर २०१७. आपल्या घड्याळात २३ तारीख उजाडून २ वाजून २४ मिनिटं झाली होती. नवरात्र नुकतंच बसलं होतं. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फातून, क्षितिजाच्या किंचित खालून, एक म्युऑन सरळ रेघ ओढत गेला. मूळ न्यूट्रिनोची ऊर्जा साधारण २९० टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट असावी असा अंदाज निघाला. ४३ सेकंदांत संगणकाने जगभरच्या वेधशाळांना निरोप धाडला: आकाशाच्या या तुकड्याकडे बघा.

तो तुकडा मृग नक्षत्रात होता. मृगाच्या चार पायांचे चार तारे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतात, त्यातल्या एका पायाजवळ. फर्मी उपग्रहाची नोंद तपासली तर तिथे टीएक्सएस ०५०६+०५६ नावाचा एक ब्लाझर नेहमीपेक्षा बराच तेजाने गॅमा किरण सोडत होता. ब्लाझर म्हणजे अशी दीर्घिका, जिच्या मध्यावरचं अजस्र कृष्णविवर कणांचा झोत फेकतं आणि तो झोत नेमका आपल्याकडे रोखलेला असतो. पुढच्या काही दिवसांत कॅनरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणींनाही तिथून उच्च ऊर्जेचे गॅमा किरण मिळाले. तिथला प्रकाश निघून सुमारे चार अब्ज वर्षं झाली आहेत. पृथ्वीचं वय साधारण साडेचार अब्ज, हे लक्षात घेतलं की त्या एका म्युऑनच्या रेघेकडे बघताना अंगावर काटा येतो.

हा नुसता योगायोग असण्याची शक्यता साधारण हजारात एक इतकी होती. रोजच्या व्यवहारात ती नगण्य, पण भौतिकशास्त्राच्या कसोटीला अपुरी. म्हणून आइसक्यूबच्या लोकांनी त्याच जागेची जुनी नोंद उकरली. २०१४ च्या सप्टेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत तिथून सुमारे तेरा न्यूट्रिनो जास्तीचे आलेले दिसले. पुरावा बळकट झाला, आणि लगेच एक पेच उभा राहिला. त्या काळात ब्लाझर गॅमा किरणांत शांत होता. एक भावंड बोलत होतं, दुसरं गप्प.

मला विचाराल तर या शास्त्रातली सर्वांत मोलाची गोष्ट ही गप्पच आहे. गॅमा किरण आणि न्यूट्रिनो सोबत आले तर घर सापडतं. न्यूट्रिनो एकटाच आला तर घराच्या आत काय आहे ते कळू लागतं.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये हे आणखी ठळक झालं. तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या दिशेने, सुमारे नऊ वर्षांच्या नोंदींत, अपेक्षेपेक्षा ७९ च्या आसपास जास्तीचे न्यूट्रिनो मोजले गेले. ही दीर्घिका ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे विश्वाच्या हिशेबाने शेजारी. तिच्या मध्यावरचं कृष्णविवर धुळीच्या जाड कड्याआड लपलेलं आहे. मॅजिकने तिच्याकडे तासन् तास पाहिलं, पण टेरा ऊर्जेचा एकही खात्रीचा गॅमा किरण मिळाला नाही. आधीचं सगळं गणित वाचलेल्याला याचा अर्थ सहज लागेल. पायॉन बनत असतील तर दोन्ही भावंडं जन्मलीच पाहिजेत. गॅमा किरण बाहेर येत नाही, म्हणजे त्याला तिथेच कुणीतरी अडवतंय. कृष्णविवराच्या अगदी लगत, अतितप्त वायूच्या आवरणात, अतिनील प्रकाश आणि क्ष-किरण इतके दाट असावेत की गॅमा किरण त्यांच्यावर आदळून संपतात. त्यांची ऊर्जा पुढे कमी ऊर्जेच्या किरणांत वाटली जाते. न्यूट्रिनो मात्र सरळ निघून येतो. धुळीआडच्या त्या जागेची, जिथे कोणतीही दुर्बीण थेट पाहू शकत नाही, पहिली बातमी अशी मिळाली.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, आपल्या आकाशगंगेची पाळी आली. इथे गॅमा किरणांनी वाटाड्याचं काम केलं. आकाशगंगेच्या पट्ट्यात विश्वकिरण वायूवर आदळून गॅमा किरण कुठे किती तयार होतात याचा नकाशा फर्मीने आधीच काढलेला होता. भावंडं एकत्र जन्मतात, मग न्यूट्रिनोही त्याच पट्ट्यात असायला हवेत. दहा वर्षांच्या नोंदी चाळून, संगणकाला ओळख शिकवून, त्या नकाशाशी ताडून पाहिलं तेव्हा पट्टा खरोखर उमटला. रात्री माळशेजच्या वर गेल्यावर आपण डोळ्यांनी जी आकाशगंगा पाहतो, तिचं प्रकाशाशिवाय काढलेलं हे पहिलं चित्र.

प्रत्येक वेळी घर सापडतंच असं नाही. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी सिसिलीजवळच्या समुद्रात, साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात बांधल्या जात असलेल्या 'केएमथ्रीनेट'मध्ये २२० पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा न्यूट्रिनो नोंदला गेला (एक पेटा म्हणजे हजार टेरा). मृगाजवळून आलेल्याच्या काहीशे पट ऊर्जेचा. तो आला त्या दिशेला बरेच ब्लाझर आहेत, पण बोट ठेवता येईल असा एकही नाही.

इतक्या ऊर्जेच्या न्यूट्रिनोबरोबर निघालेला गॅमा किरण स्वतः वाटेत संपणार हे उघड आहे. पण त्याच घरातून कमी ऊर्जेचे किरणही निघतात, आणि ब्लाझरचा भडका काही दिवस चालतो. म्हणून निरोप मिळाल्यावर तातडीने तिकडे बघणारी दुर्बीण हवी, आणि ती त्या वेळी रात्र असलेल्या जागी हवी. मॅजिक अटलांटिकमध्ये, दुसऱ्या मोठ्या दुर्बिणी नामिबियात आणि अ‍ॅरिझोनात. या सगळ्यांकडे दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असू शकते. लडाखमधल्या हानले इथे, सुमारे ४३०० मीटर उंचीवर, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली 'मेस' दुर्बीण आहे. आरशाचा व्यास २१ मीटर, कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या १०८८ नलिका. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तिचं उद्घाटन झालं.

भाचीला मी घरी आल्यावर एक हिशेब करून दाखवला. २०१७ चा तो न्यूट्रिनो बर्फात शिरला त्या क्षणी कॅनरी बेटांवर संध्याकाळ उलटत होती आणि मृग क्षितिजाखाली होतं. आपल्याकडे पहाटेचे २ वाजून २४ मिनिटं. अमावास्या दोन-तीन दिवसांपूर्वीच झालेली, त्यामुळे चंद्र केव्हाच मावळलेला. हानलेच्या पूर्वेकडच्या आकाशात मृगाचा तो पाय चाळीस अंशांच्या आसपास चढलेला होता, आणि सूर्य उगवायला तीन तासांहून जास्त वेळ होता. मेस तेव्हा तयार नव्हती. आता आहे.